ज्यांस पगार नाहीं त्यांची पत

महोत्सवाच्या स्मरणग्रंथांत कर्ज, गहाण व जामीन यांविषयीं लेख कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु पॅरिशचा इतिहास म्हणजे केवळ देवळाच्या भिंतींचा इतिहास नव्हे. त्या देवळाभोंवतीं ज्या कुटुंबांनीं घरें बांधिलीं, त्यांनीं तीं कशीं बांधिलीं व कशीं राखिलीं, हाहि त्याच इतिहासाचा भाग होय.

आमच्या वसई प्रांतांत महिन्याच्या महिन्यास ठराविक पगार घरीं आणणारा मनुष्य पूर्वीं विरळा. बागाइतदाराचा पैसा केळीच्या घडांवर व पानवेलींवर. कोळी बांधवाचा होडीवर, आणि पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढली म्हणजे तोहि बंद. भाजीची व फुलांची पाटी घेऊन मुंबई गांठणाऱ्या बाईच्या हातीं रोज चार पैसे येत. पण ते कोणत्याहि कागदावर उमटत नसत. आजहि अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत. घरासाठीं कर्ज मागावयास गेलें असतां मोठी पेढी प्रथम पगाराचा दाखला मागते. उत्पन्न आहे, दाखला नाहीं. मग त्या मनुष्याची पत कोणी व कशी ठरवावी? प्रश्न जुना आहे, व त्याचीं उत्तरेंहि जुनीं आहेत.

पहिलें उत्तर सावकाराचें. सावकारास दाखला लागत नसे. कुळाची जमीन किती, पीक कसें, मुलीचें लग्न केव्हां, हें सारें त्यास ठाऊक असे. दोष त्या माहितींत नव्हता. दोष हा कीं, माहिती एकट्याच्या हातीं, वही त्याची व हिशेबहि त्याचाच. निरक्षर कुणबी खतावर नांगराची निशाणी करी आणि पुढें त्याच खतापायीं जमिनीस मुके. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले व त्यांनीं वह्या व खतें जाळलीं. तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारनें चौकशी करून सन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. त्यानें खतावरील आंकडा सोडून मूळ व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. कायद्यानें अन्यायास थोडा आळा बसला. पण कर्जाची गरज कायद्यानें भागत नाहीं.

दुसरें उत्तर दयेचें. इटलींतील पेरुजा नगरांत सन १४६२ मध्यें फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेनें गरिबांसाठीं गहाणपेढी निघाली. वस्तु ठेवावी, रक्कम न्यावी व पेढीच्या खर्चापुरतें अल्प व्याज द्यावें, अशी तिची रीत. हें व्याज पाप कीं काय, असा मोठा वाद माजला. सन १५१५ मध्यें पांचव्या लॅटरन सभेंत पोप दहावे लिओ यांनीं निर्णय दिला कीं, खर्चापुरतें घेतलेलें असें व्याज निषिद्ध नाहीं. उपाय चांगला खरा; पण ज्याच्या घरांत गहाण ठेवण्याजोगी वस्तुच नाहीं, त्याची वाट त्यानें मोकळी होत नव्हती.

तिसरें उत्तर जर्मनींतील एका गांवप्रमुखानें शोधिलें. फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म सन १८१८ चा. ते प्रॉटेस्टंट होते; परंतु त्यांचा कित्ता पुढें अनेक कॅथॉलिक धर्मगुरूंनीं गिरविला. सन १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यांत वायरबुश गांवीं त्यांनीं गरिबांना उधारीवर पाव मिळवून दिला. सन १८४९ मध्यें फ्लामर्सफेल्ड येथें सुखवस्तु लोकांना जामीन करून शेतकऱ्यांना हप्त्यांनीं जनावरें घेऊन दिलीं. पण देणाऱ्याचा उत्साह ओसरतो आणि घेणारा केवळ घेणाराच राहतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. म्हणून सन १८६४ मध्यें हेडेसडोर्फ येथें नवी रीत घातली: कर्ज घेणारानें सभासद व्हावें, व सर्व सभासदांनीं मिळून संस्थेच्या देण्यास जबाबदार असावें. संस्थेचें क्षेत्र एका पॅरिशएवढें लहान, कारभारी बिनपगारी, आणि नफा वांटून न घेतां गंगाजळींत टाकावयाचा. फेडीची मुदतहि शेतीच्या मानानें लांब. शेजाऱ्यास शेजाऱ्याचें शेत, उद्योग व व्यसन सारें ठाऊक. शिवाय कर्ज बुडालें तर तोटा त्याचाहि, म्हणून त्याची साक्ष खरी. माहिती सावकाराचीच, पण येथें ती सर्वांची होती.

कॅनडांतील क्वेबेक प्रांतीं, लेव्ही गांवीं, आल्फोन्स देजार्दें यांनीं ६ डिसेंबर १९०० रोजीं पॅरिशच्या आधारानें अशीच लोकपेढी स्थापिली. तिची पहिली ठेव अवघ्या १० सेंटांची होती. त्याच देशांतील दुसरें उदाहरण खास घराचें आहे. केप ब्रेटन बेटावरील रिझर्व्ह माइन्स या कोळशाच्या खाणींच्या गांवीं फादर जेम्स टॉम्पकिन्स सन १९३५ मध्यें आले. खाण चालेल त्या दिवसाची मजुरी. कामगार कंपनीच्या जुनाट घरांत राहात. घरबांधणीसाठीं सरकारी कर्ज होतें, पण किंमतीचा कांहीं भाग कर्जदारानें स्वतः आणावा लागे, आणि तोच त्यांच्यापाशीं नव्हता. कामगारांनीं अभ्यासमंडळ काढून हिशेब, आंखणी व सुतारकाम शिकून घेतलें. मेरी अर्नोल्ड या बाईंनीं त्यांस मदत केली. अखेर त्यांच्या स्वतःच्या श्रमाचें मोल त्यांच्या वाट्यांत धरलें गेलें, व सन १९३८ मध्यें घरें उभीं राहिलीं. फादरांच्या नांवावरून त्या वस्तीस टॉम्पकिन्सव्हिल म्हणतात.

हिंदुस्थानांत मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनीं रायफायझेन यांच्या धर्तीच्या संस्था काढण्याची शिफारस केली, आणि सन १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. सन १९०९ मध्यें छोटा नागपुरांत जेजुइट फादर योहान हॉफमान यांनीं आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. आणि आमच्या वसईंत सन १९१८ मध्यें मॉन्सेनियर मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक पतपेढी उभी राहिली. तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नांवानें चालते.

वाचकहो, या इतिहासाचा बोध एवढाच कीं, पगार नसणें म्हणजे पत नसणें नव्हे. परंतु पत दिसावी लागते. मंडईंतील दलालाची पट्टी, मासळीच्या विक्रीचा हिशेब, प्राप्तीकराचें विवरणपत्र व बँकेंतील नियमित ठेव हेच बागाइतदाराचे व कोळ्याचे दाखले. ते वर्षानुवर्षें जपून ठेवावे. हप्ता ठरवितांना बरकतीचा महिना न धरतां पावसाळ्याचे महिने धरावे.

दुसरी गोष्ट जामिनाची. मुरवतीनें सही करण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. सन १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, करारांत वेगळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आणि गहाण घराविषयीं सन २००२ चा सरफेसी कायदा कडक आहे. थकलेलें कर्ज बुडीत वर्गांत गेलें म्हणजे ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयांत दावा न लावतां, धनकोस घर ताब्यांत घेतां येतें. सहकारी बँकांनाहि हा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०२० रोजीं दिला. नोटीस आल्यास ती लपवूं नये. लेखी हरकत घ्यावी. ती मान्य नसल्यास धनकोनें १५ दिवसांत कारणें कळविलीं पाहिजेत.

लहान पेढींत जो पैसा असतो, तो शेजारच्या विधवेचा व म्हाताऱ्याचा असतो. सावकारास बुडविणारा एकास बुडवी. पतपेढीस बुडविणारा आपल्याच देवळांतील बांकावर शेजारीं बसणारास बुडवितो. आमच्या पूर्वजांनीं एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून जी पत मिळविली, ती पुढील पिढीस अखंड मिळो, एवढीच आमची प्रार्थना.