शेत डोंगरावर, कागदावर जंगल : पेण-रोह्याच्या दळी जमिनींचा इतिहास

१/१५
वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. पश्चिमेचा रस्ता धरमतरचा पूल ओलांडून भातखाचरांच्या सपाटीत जातो. पूर्वेस पेण, रोहा व सुधागडचे डोंगर आहेत आणि त्यांच्या उतारांवर विखुरलेल्या कातकरी-ठाकरांच्या वाड्या. शेतकरी दोन्हीकडे होते आणि कसत असलेली जमीन दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावावर होती. सपाटीवरचे कूळ विसाव्या शतकात मालक झाले. डोंगरावरच्या शेतकऱ्याला मात्र एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. असे का झाले, याचा हा धागा.

२/१५
प्रथम जमीन समजून घेऊ. कोकणात शेतजमिनीचे ढोबळ दोन प्रकार : बांध घालून पाणी अडवलेली भातखाचरे आणि उताराची, हलक्या मातीची वरकस जमीन. वरकसावर नाचणी, वरी, तीळ, खुरासणी ही पिके येतात. मुसळधार पावसात उतारावरची माती टिकत नाही. म्हणून दोन-तीन वर्षे पीक घेतल्यावर तो तुकडा पडीक ठेवून दुसरा कसायचा, अशी रीत होती. दुरून पाहणाऱ्याला असा पडीक तुकडा ओसाड रान वाटे. कसणाऱ्यासाठी ते विश्रांती घेणारे शेतच होते.

३/१५
या शेतीचा कणा म्हणजे राब. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून वाळवायच्या. रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण, वाळलेला टाहाळ, गवत व पातेरा यांचे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि ते सारे संथपणे भाजायचे. पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरायचे आणि रोपे वाढली की लावणी करायची. भाताप्रमाणेच नाचणी-वरीची रोपेही अशीच तयार होत. राबासाठी झाड मुळापासून तोडावे लागत नाही. छाटलेल्या ऐनाला पुन्हा पालवी फुटते.

४/१५
म्हणजे भातखाचर सपाटीला असले, तरी त्याचे रोप जंगलाच्या पालापाचोळ्यावर वाढत होते. शेत आणि जंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही कल्पना येथील शेतकऱ्याच्या व्यवहारात नव्हती. ती आली कायद्याने.

५/१५
रेल्वेच्या स्लीपरांना आणि वाढत्या शहरांना लाकूड हवे होते. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये अधिक कठोर असा दुसरा. त्याने राखीव व संरक्षित वनांची वर्गवारी केली. तत्पूर्वी वसाहती सरकारात मोठा वाद झाला होता. गावांचे परंपरागत वापर मान्य करावेत, असा डीट्रिख ब्रँडिस यांचा कल होता, तर वनांवर राज्याची निर्विवाद मालकी असावी, हा बेडन-पॉवेल यांचा आग्रह होता. कायद्यावर ठसा उमटला तो दुसऱ्या मताचा.

६/१५
या वादातील कळीचा भेद आहे हक्क आणि सवलत यांचा. हक्क असेल तर तो डावलताना सरकारला कारण द्यावे लागते. सवलत असेल तर ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आज दिली, उद्या काढून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी फांद्या छाटणारा शेतकरी या काळात हक्कदाराचा सवलतदार झाला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ येथे आहे.

७/१५
विरोध झालाच. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगल खात्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, हे परखडपणे मांडले. ठाण्यात फॉरेस्ट असोसिएशनने गाऱ्हाणी संघटित केली. अखेर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींसाठी सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड जिल्हा. हे नाव १९८१ मध्ये बदलले. काही बंधने सैल झाली, परंतु जे मिळाले ते सवलत म्हणूनच.

८/१५
राब हा निव्वळ अडाणी नासधुशीचा प्रकार आहे, असे अनेक वनाधिकाऱ्यांचे मत होते. मात्र सरकारच्या शेतकी खात्याचे प्रयोग शेतकऱ्याच्या बाजूने बोलू लागले. भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची गंभीर दखल घेतली. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर स्वतंत्र शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला.

९/१५
राबाचा फायदा केवळ राखेच्या खतामुळे होत नाही, जमीन तापण्याचाही त्यात मोठा वाटा असतो, हे या अभ्यासाने दाखवले. गंमत अशी की, तीनच वर्षांपूर्वी, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रोदमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी माती तापवल्याने तिची सुपीकता कशी वाढते, यावर संशोधन प्रसिद्ध केले होते. युरोपातील प्रयोगशाळेत ते नवे शास्त्र ठरले. कोकणातील शेतकरी उन्हाळ्यात हीच गोष्ट करत होता, तेव्हा त्याच्यावर नासधुशीचा शिक्का होता.

१०/१५
आता दळीकडे वळू. राबासाठी जंगलातला पाला लागे. दळीची तर जमीनच जंगलातली. ब्रिटिश काळात या जिल्ह्यातील वनहद्दीतील डोंगरउताराचे तुकडे मुख्यतः कातकरी व ठाकर कुटुंबांना कसण्यासाठी दिले गेले. त्यांनाच दळी म्हणतात. शेतकऱ्याने नाचणी-वरी पिकवायची, परंतु जमीन वन म्हणूनच राहायची. चार महिने दळी आणि उरलेले आठ महिने मोलमजुरी, असे अनेक कातकरी कुटुंबांचे चक्र झाले. कात पाडण्याच्या व्यवसायावरून ज्यांना नाव मिळाले, ते जंगलबंदीनंतर कोळसाभट्ट्या व वीटभट्ट्यांवर जाऊ लागले.

११/१५
जंगलाचा प्रश्न स्वातंत्र्यलढ्यातही पेटला. २५ सप्टेंबर १९३० रोजी आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. मिठाच्या सत्याग्रहाची छायाचित्रे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु कोकणाच्या डोंगराळ भागात कायदेभंगाचे साधन होते ते कोयता.

१२/१५
त्यानंतर तीनच वर्षांनी पश्चिमेच्या सपाटीवर दुसरा लढा उभा राहिला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसणे थांबवले. हा संप सुमारे सहा वर्षे टिकला. डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, असा हा प्रवास झाला. कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आले.

१३/१५
मग दळी कसणारा मालक का झाला नाही? उत्तर कूळ कायद्यातच आहे. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८८ ने सरकारच्या मालकीच्या व सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनी मालकीहक्काच्या तरतुदींतून वगळल्या. खोत हा जमीनदार होता, म्हणून त्याचे कूळ मुक्त झाले. दळीधारकाचा जमीनदार होता खुद्द सरकार. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वापर बदलण्यास केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक केली आणि वाट आणखी अरुंद झाली. खोताविरुद्ध संप करता येतो. राज्य हेच खोत असेल तर दाद कोणाकडे मागायची?

१४/१५
रायगडात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी दळीचा प्रश्न लावून धरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच संसदेच्या शब्दांत मान्य केले की वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. त्याच्या कलम ३ मध्ये वनजमिनीवरील जुने पट्टे व भाडेपट्टे यांचे मालकीपत्रात रूपांतर करण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदला आहे. दावे स्वीकारण्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. १८७८ मध्ये सवलत झालेली गोष्ट सव्वाशे वर्षांनी पुन्हा हक्क झाली, निदान कायद्याच्या पुस्तकात. प्रत्यक्ष सातबाऱ्यावर ती उतरवण्याचे काम संथ आहे.

१५/१५
इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, जमाबंदी अहवाल, नकाशे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब ग्राह्य धरले आहेत. ज्या वसाहती दप्तराने डोंगरावरच्या शेतकऱ्याचा हक्क पुसला, तेच दप्तर आज त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकते. आपल्या ओळखीच्या एखाद्या वाडीत दळीच्या जुन्या पावत्या, दंडाच्या नोंदी वा जीर्ण नकाशे असतील, तर त्यांचे फोटो काढून मूळ कागद जपून ठेवायला सांगा. जंगलात लाकूड तोडल्याबद्दल आजोबांना झालेला दंड हा त्यांच्या तेथील वास्तव्याचाही पुरावा आहे. (समाप्त)