चाकण-महाळुंगे पट्ट्याला हवा विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग

चाकण औद्योगिक क्षेत्राचे नाव निघाले, की दुचाकी आणि मोटारी डोळ्यांसमोर येतात. तळेगाव-चाकण रस्त्यालगत महाळुंगेच्या शिवारात बजाज ऑटोचा कारखाना आहे. आसपासच्या निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी या गावांतही वाहनउद्योग आणि त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्यांचीच दाटी आहे. त्यामुळे येथील मुलामुलींच्या शिक्षणाचा विचारही आयटीआय, अभियांत्रिकी पदविका आणि अभियांत्रिकी पदवी यांच्याभोवतीच फिरतो. मात्र पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यातील अगदी पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक मोटारींचा नव्हे, तर औषधांचा होता, ही गोष्ट नव्या पिढीच्या फारशी लक्षात नाही. या परिसरात सार्वजनिक विद्यापीठाने स्वतः चालविलेला औषधनिर्माणशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम असावा, या मागणीचे मूळ त्या इतिहासात आहे आणि तिची निकड आजच्या परिस्थितीत आहे.

पेनिसिलिनचे गाव

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. औषधे बनविणारा केंद्र सरकारचा हा पहिला उपक्रम. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि परदेशातून येणाऱ्या या जीवरक्षक औषधासाठी देशाला स्वतःचा स्रोत मिळाला. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधेही येथे तयार होऊ लागली.

पिंपरीत केवळ उत्पादन झाले असे नव्हे, तर संशोधनही झाले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील प्रयोगशाळेत ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवण्यात आले. पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी वापरले जाणारे ‘ऑरिओफंगिन’ हेही याच संस्थेचे संशोधन.

नंतरचा काळ उतरणीचा ठरला. १९९० च्या दशकात कंपनी आजारी उद्योगांमध्ये गणली गेली. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. दरम्यान, स्वस्त आयातीपुढे देशातील मूळ पेनिसिलिनचे उत्पादनच थांबले होते. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पेनिसिलिन-जी अग्रभागी होते. त्यानंतर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे त्याचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. जे कौशल्य पिंपरीत एकेकाळी हाताशी होते, ते देशाला नव्याने उभारावे लागले. कारखान्यातील ज्ञान पुढील पिढीकडे नेण्यासाठी शेजारी सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग असता, तर त्यातील काही अंश तरी येथे टिकला असता, असे मानण्यास जागा आहे.

पदविका आणि पदवी यांतील अंतर

भारतातील औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली येते. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी. फार्म., आणि चार वर्षांची पदवी, म्हणजे बी. फार्म., असे दोन प्रमुख मार्ग आहेत. पदविकेनंतर किमान पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण केल्यावर राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी होते आणि औषध दुकान चालविण्याचा अधिकार मिळतो. २००८ पासून सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ हा रुग्णालयकेंद्री अभ्यासक्रमही सुरू झाला आहे.

दुकानासाठी पदविका पुरेशी असली, तरी पुढची दारे पदवीनेच उघडतात. औषधविषयक नियमांनुसार ॲलोपॅथिक औषधांचे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदवी आणि अठरा महिन्यांचा अनुभव चालतो. रसायनशास्त्र घेतलेल्या विज्ञान पदवीधराला मात्र तीन वर्षांचा अनुभव लागतो. औषध निरीक्षकाच्या पदासाठीही पदविका ग्राह्य धरली जात नाही. एम. फार्म. आणि संशोधनाचा मार्गही पदवीवरूनच जातो. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील विद्यार्थी खर्चाच्या भीतीने पदविकेवर थांबला, तर तो औषधाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचतो. औषध जेथे तयार होते आणि तपासले जाते, तेथपर्यंत सहसा पोहोचत नाही.

प्रश्न जिवाचा आहे

हे अंतर केवळ नोकरीचे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्णांचा बळी गेला. औषधी ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई चव्हाट्यावर आली. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच रसायनाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू होते.

हे विष ओळखण्याची रीत अज्ञात नाही. कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप वापरण्यापूर्वी तपासणे, तपासणीची नोंद ठेवणे आणि शंका आल्यास उत्पादन थांबविणे, एवढे झाले तरी अनर्थ टळतो. परंतु त्यासाठी यंत्र हाताळता येणारा, नियम जाणणारा आणि मालकाला ‘नाही’ म्हणण्याइतका विषयात पक्का असलेला माणूस कारखान्यात हवा. केंद्र सरकारने २०२३ च्या अखेरीस ‘शेड्यूल एम’ या उत्पादनविषयक नियमांत सुधारणा करून गुणवत्तेच्या अटी अधिक कडक केल्या. त्या लहान उद्योगांनाही पाळाव्या लागणार असल्याने अशा प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढणारच आहे.

महाविद्यालये आहेत, मग आणखी कशाला?

या मागणीवरील पहिला आक्षेप रास्त आहे. निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवडे, तळेगाव या भागांत आणि जुन्नर तालुक्यातही खासगी फार्मसी महाविद्यालये आहेत. पिंपरीत अभिमत विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. फार्मसी कौन्सिलने नव्या महाविद्यालयांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरविली. त्यानंतर राज्यात नव्या महाविद्यालयांची लाट आली आणि प्रवेशफेऱ्या संपल्यावरही जागा रिकाम्या राहण्याचे प्रकार वाढले. अशा वेळी आणखी एक इमारत बांधून त्यावर फलक लावण्यात अर्थ नाही.

मात्र मागणी जागा वाढविण्याची नाही. ती सार्वजनिक विद्यापीठाने पूर्णवेळ प्राध्यापक, संशोधन आणि परवडणारे शुल्क यांसह स्वतः चालविलेल्या विभागाची आहे. राज्यात याची उदाहरणे आहेत. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग जुना आहे. मुंबईत १९३३ मध्ये विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि आज ‘रसायन तंत्रज्ञान संस्था’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत औषधनिर्माणशास्त्राला मानाचे स्थान आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठ मुलींसाठी सांताक्रूझ येथे स्वतःचे फार्मसी महाविद्यालय चालविते. कराड, अमरावती, रत्नागिरी व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय महाविद्यालये आहेत. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्टा मात्र खासगी व्यवस्थेवरच विसंबून आहे.

राष्ट्रीय पातळीवरही हीच उणीव दिसते. केंद्राच्या २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्रासाठी ‘नायपर’ ही राष्ट्रीय औषधशिक्षण संस्था जाहीर झाली होती. तथापि, २०२१ च्या कायदादुरुस्तीने मोहालीच्या बरोबरीचा दर्जा मिळालेल्या सहा संस्थांत महाराष्ट्रातील एकही नव्हती.

महाळुंगेच का?

दुसरा आक्षेप असा, की चाकण हे मोटारींचे क्षेत्र असताना औषधनिर्माणशास्त्राचा विभाग येथे कशासाठी? याचे उत्तर नकाशात आहे. भोसरी आणि हिंजवडी येथे एमक्युअर, हिंजवडीतच जेनोव्हा, मुळशी तालुक्यातील नांदे येथे ल्युपिनचे संशोधन केंद्र, तर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. करोनावरील देशातील पहिली एमआरएनए लस, जिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती जेनोव्हाचीच. महाळुंगेहून ही सर्व ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. दुसरीकडे उत्तरेतील खेड, आंबेगाव आणि जुन्नर येथील विद्यार्थ्यांना पुण्याच्या मध्यवस्तीत खोली घेऊन राहण्यापेक्षा चाकण परिसर सोयीचा आहे.

रुग्णालयांची बाजूही महत्त्वाची आहे. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय येथे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांसमवेत काम शिकता येईल. महाळुंगे परिसरात परप्रांतांतून आलेला कंत्राटी कामगारवर्ग मोठा आहे. औषधाची मात्रा आणि दुष्परिणाम त्याच्या भाषेत समजावून सांगणारा औषधतज्ज्ञ ही या भागाची रोजची गरज आहे.

काय करावे लागेल?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आराखड्यात या मागणीची नोंद होणे, ही पहिली पायरी आहे. त्यानंतर राज्य सरकारची मंजुरी आणि फार्मसी कौन्सिलची मान्यता लागेल. अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा अधिकार फार्मसी कौन्सिलचाच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केल्याने, पूर्वीचा दुहेरी नियंत्रणाचा घोळ आता राहिलेला नाही.

जागेसाठी औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड द्यावा, सुरुवात साठ विद्यार्थ्यांच्या एकाच तुकडीने व्हावी आणि पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याच्या तरतुदीचा पूर्ण उपयोग करावा. छोट्या प्रमाणावर उत्पादन शिकविणारा प्रायोगिक कारखाना आणि औषध तपासणीची सुसज्ज प्रयोगशाळा यांशिवाय विभाग सुरू करू नये. ही प्रयोगशाळा परिसरातील लहान उत्पादकांना माफक शुल्कात वापरता आली, तर विभागाच्या खर्चालाही हातभार लागेल. प्राध्यापकांची पदे भरल्याशिवाय प्रवेश देऊ नयेत, ही अट तर सर्वांत आधी हवी. ती पाळली गेली नाही, तर हा विभागही रिकाम्या जागांच्या यादीतील आणखी एक नाव ठरेल.