चंद्राने केले ग्रहाचे वजन

आकाशस्थ गोलाचे वस्तुमान मोजण्यासाठी तराजू नसतो. ते काम त्याच्याभोवती फिरणारा उपग्रह करतो. पृथ्वीचा चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावरून २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. गुरूचा आयो हा उपग्रह गुरूच्या केंद्रापासून जवळपास तितक्याच, म्हणजे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे. मात्र त्याची प्रदक्षिणा अवघ्या १.७७ दिवसांत पुरी होते. आयो चंद्राहून फारसा जड नाही. फरक आहे तो मध्यभागी असलेल्या ग्रहाचा.

प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा नियम केप्लरने १६१९ मध्ये मांडला. हे प्रमाण मध्यवर्ती गोलाच्या वस्तुमानावरून ठरते, हे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दाखविले आणि त्यावरून गुरू व शनी यांचे वस्तुमान सूर्याच्या तुलनेत काढलेही. वरील दोन उपग्रहांचे आकडे या सूत्रात घातले, तर गुरू पृथ्वीच्या तीनशेहून अधिक पट जड ठरतो. अचूक आकडा ३१८ आहे.

उपग्रहाचे स्वतःचे वस्तुमान या हिशेबात येत नाही. जड उपग्रहावरील ओढ अधिक असते, परंतु त्याची वाट वाकविण्यासही तितकेच अधिक बळ लागते. अर्थात, उपग्रह ग्रहाच्या मानाने नगण्य असेल तोवरच हे खरे.

ज्या ग्रहाला उपग्रहच नाही, त्याचे काय? बुध व शुक्र यांची वस्तुमाने इतर गोलांच्या कक्षांत ते जो किंचित विक्षेप घडवितात त्यावरून अजमावावी लागत. नेमके मोजमाप मरिनर २ (१९६२) व मरिनर १० (१९७४) ही याने त्यांच्याजवळून गेल्यावरच शक्य झाले.

प्लुटोच्या बाबतीत मात्र ही उणीव फारच महागात पडली. युरेनसच्या गतीतील विसंगतींवरून पर्सिव्हल लॉवेल यांनी नेपच्यूनपलीकडे पृथ्वीच्या सुमारे सातपट जड ग्रह असल्याचे भाकीत केले होते. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९३० मध्ये त्यांच्याच वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लुटो सापडला आणि भाकीत खरे ठरल्याचा समज झाला. पण या नव्या ग्रहाच्या वस्तुमानाचे अंदाज दर पिढीत घसरत गेले. निकाल लागला तो २२ जून १९७८ रोजी. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील जेम्स ख्रिस्ती यांना प्लुटोच्या छायाचित्रांत एका बाजूस फुगवटा दिसला, आणि तो ६.४ दिवसांनी पुन्हा त्याच जागी येत होता. हाच शॅरन हा उपग्रह. त्याचे प्लुटोपासूनचे अंतर, आज माहीत असल्याप्रमाणे, अवघे १९ हजार ६०० किलोमीटर आहे. इतक्या जवळ असूनही इतकी संथ प्रदक्षिणा, याचा अर्थ ओढ अगदी क्षीण. प्लुटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाइतके, आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे.

शॅरन प्लुटोच्या सुमारे एक अष्टमांश वजनाचा असल्याने येथे ‘नगण्य उपग्रह’ हे गृहीतक टिकत नाही. दोघेही एका समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि तो बिंदू प्लुटोच्या पृष्ठभागाबाहेर, अवकाशात आहे.

एवढासा गोल युरेनसला विचलित करणे अशक्यच. मग त्या विसंगती कसल्या? १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा त्या ग्रहाचे वस्तुमान आधी मानल्यापेक्षा सुमारे अर्धा टक्का कमी असल्याचे आढळले. माइल्स स्टँडिश यांनी १९९३ मध्ये सुधारित आकड्यांनिशी गणित पुन्हा मांडले आणि युरेनसच्या गतीतील विसंगती नाहीशी झाली.