मत्स्यमार्ग
नदीवरील धरण किंवा बंधारा ओलांडून माशांना वर-खाली जाता यावे यासाठी केलेली रचना. पायऱ्यांसारखी कुंडे किंवा मंद उताराचा दगडी चर, ही तिची प्रचलित रूपे. महाशीर पावसाळ्यात नदीच्या वरच्या, गोट्यांच्या वाहत्या पात्रात अंडी घालतो. पाला (हिलसा) समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो. आडवी भिंत ही वाट तोडते. गंगेवरील फराक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झाल्यावर वरच्या भागातील हिलसाची मासेमारी कोसळली.

तापीवर गुजरातेत उकाई धरण, तर वर नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा व सारंगखेडा ही बॅरेज आहेत. अशा साखळीत एकाच ठिकाणी केलेली वाट अपुरीच पडते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढतात. प्रजननाच्या नेमक्या हंगामात पात्र बरेचसे मोकळे राहते, हा गुण फारसा कोणी नोंदवत नाही. जुना बंधारा पाडून नवा बांधताना हा गुण जपायलाच हवा. परदेशातील सालमन माशांसाठी आखलेली उंच पायऱ्यांची शिडी आपल्याकडील माशांना सहसा जमत नाही. त्यांना मंद प्रवाह आणि कमी उंचीच्या पायऱ्या लागतात. धरणच हटवणे हा आणखी एक पर्याय: अमेरिकेतील एल्व्हा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ दरम्यान हटवल्यानंतर सालमन वरच्या पात्रात परतले.