कॉफीगृहातील सहभागिता

लंडनच्या सेंट मायकेल गल्लीत पास्क्वा रोझे याने १६५२ साली कॉफीचे पहिले दुकान थाटले, आणि एक पेनी टाकून तेथे वाटेल त्याच्या शेजारी बसण्याची ही मुभा पुढल्या पाव शतकात लोकांच्या इतकी अंगवळणी पडली, की दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या डिसेंबरात जाहीरनामा काढून असली दुकाने बंद करण्याचा हुकूम फर्मावला, तेव्हा रयतेच्या ओरड्यापुढे तो अमलात येण्याआधीच त्याला मागे घ्यावा लागला. या बैठकींचा मोह पाद्र्यांनाही सुटला नव्हता. सेंट पॉलच्या आवारातील ‘चाइल्ड्स’ आणि पॅटरनॉस्टर रो येथील ‘चॅप्टर’ ही त्यांच्या आवडीची ठिकाणे. ‘चॅप्टर’मध्ये तर रविवारच्या उपदेशापुरता पाद्री भाड्याने मिळे असे सांगतात, आणि मनुष्यस्वभाव पाहता त्यावर विश्वास ठेवणे जड जात नाही. १७९४ च्या नोव्हेंबरात ‘बेकर्स’ कॉफीगृहात काही धर्मोपदेशक पंथभेद विसरून एकत्र बसले, आणि त्या विचारविनिमयातून पुढल्याच वर्षी लंडन मिशनरी सोसायटी उभी राहिली. १८२० साली बेळगावात ठाणे दिले ते याच संस्थेने.

तथापि हे सारे दुसऱ्याच्या दुकानात बसणे झाले. ख्रिस्ती मंडळीने स्वतःच गल्ला मांडून बसावे, ही कल्पना पुष्कळ नंतरची.

दुसऱ्या महायुद्धात हवाई पलटणीबरोबर पाळक म्हणून गेलेल्या गॉर्डन कॉस्बी यांनी १९४७ साली वॉशिंग्टनमध्ये ‘चर्च ऑफ द सेव्हियर’ स्थापन केले. तेथील सभासदत्व सुलभ नव्हते: आधी अध्ययन, मग प्रतिज्ञा, आणि ती प्रतिज्ञाही दर वर्षी नव्याने घ्यावयाची. अशा कडक शिस्तीच्या माणसाला एकदा न्यू इंग्लंडमधील एका मंडळीपुढे उपदेश करून परतताना एका मद्यगृहावरील खोलीत रात्र काढावी लागली. खालून येणारे हसणे, बोलणे, वाद्याचे सूर ऐकता ऐकता त्यांच्या मनात आले, की ज्या थंड, शिष्ट सभेतून आपण आलो तिच्यापेक्षा येथे ऊब अधिक आहे, आणि प्रभू येशू आज असता तर तोही बहुधा खालीच बसला असता. १९६० साली वॉशिंग्टनच्या कोलंबिया रोडवर ‘पॉटर्स हाउस’ हे कॉफीगृह उघडले ते या विचारातून. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील कुंभाराच्या घराचे नाव त्याला शोभून दिसले. मंडळीचे सभासद रात्री वाटून घेऊन स्वतः टेबले पुसत, पेले भरत, आणि गिऱ्हाईक बोलू लागले तर ऐकत. सभासद होण्यास जेथे इतक्या अटी, त्याच मंडळीने ज्या दारात कसलीही अट नाही असे दार उघडावे, यात मला विसंगती दिसत नाही, कारण बिनशर्त आतिथ्य करावयास यजमानच फार शर्ती पाळणारा लागतो.

या नमुन्याचे अनुकरण झपाट्याने झाले. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात हिप्पी तरुणांसाठी ‘लिव्हिंग रूम’ निघाले; तिकडे हॉलिवूडच्या सनसेट स्ट्रिपवर आर्थर ब्लेसिट या सुवार्तिकाच्या ‘हिज प्लेस’ या कॉफीगृहाला घरमालकाने बाहेर काढले, तेव्हा त्यांनी पदपथावर क्रूसाला स्वतःस साखळीने जखडून घेतले. हॉलिवूडच्याच ‘सॉल्ट कंपनी’सारख्या ठिकाणी गिटारीवर जी नवी ख्रिस्ती गीते वाजू लागली, ती पुढे उपासनामंदिरांतही शिरली. हिप्पी लाट ओसरल्यावर यांतली बहुतेक दुकाने मिटली; ‘पॉटर्स हाउस’ मात्र पुस्तकांच्या दुकानासह आपल्या जागी टिकून राहिले.