सागवानी लाकूडकाम आणि तेलाचा हात

महाराष्ट्रातील कित्येक जुन्या देवळांत दगडी गाभाऱ्यापुढे लाकडी सभामंडप, आत देव्हारा, पालखी व चौरंग असे लाकूडकाम पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. त्यातील चांगले काम बहुधा सागाचे. सागाच्या गाभ्यात तेलाचा अंश मूळचाच असतो, म्हणून वाळवी त्याला सहसा तोंड लावीत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला मात्र हे कवच नसते.

सागाच्या टिकाऊपणाचा दाखला मुंबईच्या गोदीचा आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका तेथे इ. स. १८१७ मध्ये पाण्यात सोडली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती अद्याप तरंगते आहे. १९९० नंतर तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा जुने लाकूड जेवढे ठेवता येईल तेवढे ठेवले गेले.

पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. १८२१ साली त्या वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो लोकवर्गणी व नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला.

आगीने एकदाच नुकसान होते. चुकीच्या तेलाने ते दरवर्षी होते. देव्हाऱ्याला भक्तिभावाने खोबरेल किंवा गोडेतेल चोपडतात. ही तेले वाळत नाहीत. त्यांवर समईची काजळी व धूळ बसून काळे, चिकट पुट चढते आणि नक्षी बुजते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून सुतार तेच वापरीत आले. पुढे ऑइलपेंट आला आणि काळवंडलेल्या खांबांवर थेट चॉकलेटी रंग चढला. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तसे सांगणारे गावकरीच होते. जीर्णोद्धाराच्या वेळी असे खांब कुजके समजून लाकडाच्या भावाने विकले जातात. खांब काढण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून बुंध्याशी टोचणीने टोचून पाहावे. पुष्कळदा आतले लाकूड ठणठणीत निघते.

साफ करताना कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने साग काळा पडतो. नक्षीवर पॉलिशपेपर घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा खरवडून धूळ उडवू नये. टर्पेंटाइनमध्ये थोडे जवसाचे तेल मिसळून आधी मागच्या बाजूस लावून पाहावे, मग मऊ फडक्याने व खाचेत जुन्या दातांच्या ब्रशने मळ सोडवावा. वेळ लागतो, एक चौरंग दोन दिवस खातो. लाकूड वाळल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्यावे व दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. साफसफाई व तेल चालू असेतो समई दूर ठेवावी.

तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि तो ढीग काडी न लावता पेट घेतो. फडकी पाण्यात बुडवावीत, नाहीतर अंगणात एकेक पसरून वाळवावीत.