बेथेल: जालन्याजवळचे आणि बायबलमधले

हिब्रू भाषेत ‘बेथ’ म्हणजे घर आणि ‘एल’ म्हणजे देव. बेथेल म्हणजे देवाचे घर. येशूचे जन्मगाव बेथलेहेम वेगळे. दोन्ही नावे कानाला जवळची वाटत असल्याने त्यांची गल्लत नेहमी होते. बेथेल नावाची एक वस्ती जालना शहराजवळ आहे. ज्या गावावरून तिला हे नाव मिळाले, ते जेरुसलेमच्या उत्तरेला, यहूदियाच्या वाळवंटाच्या काठावर आहे.

जालन्याजवळ हे नाव कसे आले?

जालन्याच्या बेथेलचे संस्थापक नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायणरावांनी 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असताना मिशनऱ्यांकडे राहायला गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे या बाजूने उभे राहिले. मराठी वाचकांना शेषाद्री हे आडनाव बहुधा याच प्रकरणामुळे ठाऊक असते. नारायणरावांचे पुढचे काम मात्र जालन्यात झाले.

1860 च्या दशकात ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे जालन्यात आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तिथे लष्करी छावणी होती. त्यांचे काम मुख्यतः मातंग समाजात झाले. धर्मांतरानंतर या लोकांना गावात राहणे कठीण जाई आणि स्वतःची जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. म्हणून नारायणरावांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि 1870 च्या सुमारास तिथे शेती करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले.

त्याला बेथेल हे नाव चपखल बसते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात भाऊ एसावच्या भीतीने घर सोडून निघालेला याकोब उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला आकाशाला टेकलेली शिडी आणि तिच्यावरून चढ-उतार करणारे देवदूत दिसतात. ज्या भूमीवर तू निजला आहेस ती तुला व तुझ्या वंशजांना देईन, असे वचन त्याला मिळते. सकाळी तो उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल म्हणतो.

मूळ बेथेल नेमके कुठे?

अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन 1838 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये फिरत होते. रामल्लाच्या ईशान्येला असलेल्या बेतीन या खेड्याचे नाव बेथेलशी जुळते, हे त्यांच्या लक्षात आले. चौथ्या शतकातील ग्रंथकार युसेबियसने दिलेले जेरुसलेमपासूनचे अंतरही जमत होते. बहुतेक अभ्यासक ही ओळख मान्य करतात. काहींच्या मते खरे ठिकाण शेजारचे अल-बिरेह.

बेतीनमध्ये विल्यम ऑलब्राइट यांनी 1934 मध्ये आणि जेम्स केल्सो यांनी 1954 ते 1960 दरम्यान उत्खनन केले. कांस्ययुग व लोहयुगातील वस्तीचे अवशेष मिळाले. राजा यराबामाने इथे सोन्याचे वासरू बसवले असे बायबल सांगते, पण त्याचे देऊळ सापडले नाही. याकोबाच्या दगडाचा पुरावा मिळण्याची अपेक्षा कोणी करू नये.

नावावरचा हक्क हा आजचाही प्रश्न आहे. बेतीन पॅलेस्टिनी गाव आहे. त्याच्याजवळ 1977 मध्ये इस्रायली वसाहत उभी राहिली, तिचे नाव बेत एल. वेस्ट बँकेतील अशा वसाहती संयुक्त राष्ट्रसंघ आणि बहुतेक देश बेकायदा मानतात. इस्रायलला ते मान्य नाही.

वाळवंटाची वाट

एलीया आणि अलीशा हे संदेष्टे बेथेलहून यरीहो आणि तिथून यार्देन नदीकडे गेले, अशी कथा आहे. बेतीन समुद्रसपाटीपासून सुमारे 880 मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही 250 मीटर खाली. सरळ रेषेत अंतर मात्र जेमतेम 20 किलोमीटर. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि पूर्वेला उघडे, पिवळट डोंगर उरतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्या जालनेकरांना ही गोष्ट नवी नाही. फरक प्रमाणाचा: यरीहोत वर्षाला सुमारे 150 मिलिमीटर पाऊस पडतो. गाव तगून आहे ते झऱ्याच्या पाण्यावर.

या वाटेवर दगड आणि कथा यांची गाठ प्रत्येक ठिकाणी वेगळी पडते. बेतीनजवळचे एत-तेल म्हणजे यहोशवाने जिंकलेले ‘आय’ असे मानतात. पण उत्खननानुसार इ.स.पू. 2400 ते 1200 या काळात तिथे वस्तीच नव्हती. यरीहोच्या तटबंदीचेही तसेच. कॅथलीन केन्यन यांनी 1952 ते 1958 मध्ये केलेल्या उत्खननात यहोशवाच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या भिंती त्याच्या कितीतरी शतके आधीच्या ठरल्या. त्याच टेकाडात त्यांना सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज मिळाला. तो आजही पाहता येतो, आणि एकच जागा पाहायची असेल तर हीच पाहावी. 2023 मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली.

यार्देनच्या पूर्व काठावर, जॉर्डन देशात, अल-मघतास आहे. येशूचा बाप्तिस्मा इथे झाला अशी श्रद्धा असून एलीयाच्या स्वर्गारोहणाची टेकडीही इथलीच मानतात. 2015 पासून हे ठिकाणही वारसा यादीत आहे.

बेतीन आणि यरीहो वेस्ट बँकेत असल्याने वाटेत तपासणी नाकी लागतात आणि परिस्थिती बिघडली की रस्ते बंद होतात. निघण्यापूर्वी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात. अल-मघताससाठी जॉर्डनचा व्हिसा लागतो. उन्हाळ्यात नदीकाठच्या या खोऱ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. नोव्हेंबर ते मार्च हे महिने चालण्यासाठी बरे.